मोठ्या पडद्याचा मोकळा आठवडा आणि विज्ञानपटांचे भवितव्य

मुंबई, १२ मार्च : ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘इंटरस्टेलर’ हा २०१४ मधील विज्ञानपट येत्या शुक्रवारी, धुळवडीच्या दिवशी, भारतातील आयमॅक्स चित्रपटगृहांत पुन्हा दाखल होत आहे. सुमारे तीन महिन्यांतील हा त्याचा तिसरा मुहूर्त. पहिला हुकला, दुसरा साधला आणि साधला म्हणूनच तिसरा काढावा लागला. विज्ञानपटाच्या कमाईत प्रदर्शनाच्या तारखेचा वाटा नेमका किती, या जुन्या प्रश्नाचे उत्तर या तीन तारखांइतके स्वच्छ क्वचितच मिळते. कारण येथे चित्रपट तोच आहे, बदलला आहे तो केवळ आठवडा.

दहाव्या वर्धापनदिनानिमित्त ‘इंटरस्टेलर’ ६ डिसेंबर रोजी जगभर पुन्हा प्रदर्शित झाला. भारतात मात्र तो आला नाही. आदल्याच दिवशी ‘पुष्पा २’ झळकला होता आणि देशातील आयमॅक्स पडदे त्याच्याकडे गेले होते. असे पडदे देशभरात मिळून जेमतेम तीस-पस्तीस. एखाद्या मोठ्या चित्रपटाने ते घेतले की दुसऱ्यासाठी जागा उरत नाही. या तारखेपासून दूर होणारा ‘इंटरस्टेलर’ एकटा नव्हता. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ही मूळच्या ६ डिसेंबरऐवजी १४ फेब्रुवारीला आणण्यात आला. शिवजयंतीला लागून असलेली ती तारीख त्याला किती मानवली, हे पाचशे कोटींच्या पुढे गेलेल्या त्याच्या देशांतर्गत कमाईवरून दिसतेच.

‘इंटरस्टेलर’ला अखेर ७ फेब्रुवारीचा शुक्रवार मिळाला. ‘पुष्पा २’चा जोर ओसरला होता आणि ‘छावा’ यायला आठवडा होता. दहा वर्षे जुना, ओटीटीवर सहज उपलब्ध असलेला, जवळजवळ तीन तासांचा इंग्रजी चित्रपट. तरी महानगरांतील आयमॅक्सचे खेळ आगाऊ नोंदणीतच भरले आणि त्याच दिवशी आलेल्या ‘लवयापा’ या नव्या हिंदी चित्रपटापेक्षा त्याची सुरुवात सरस ठरली. (त्याच शुक्रवारी पुन्हा आलेल्या, २०१६ मध्ये फसलेल्या ‘सनम तेरी कसम’नेही आपली मूळ कमाई मागे टाकली, तो आठवडाच जुन्यांचा होता.) मात्र १४ फेब्रुवारीला ‘छावा’ आणि ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आले आणि मागणी कायम असताना ‘इंटरस्टेलर’ला मोठा पडदा सोडावा लागला. उरलेली ती मागणी पुरवण्यासाठीच आता १४ मार्चचा खटाटोप आहे.

हीच गोष्ट एखाद्या कौटुंबिक वा विनोदी चित्रपटाची असती, तर तो मोठ्या पडद्यावरून लहान पडद्यावर गेल्याने फारसे बिघडले नसते. विज्ञानपटाचे तसे नाही. त्याचा प्रेक्षक ज्या अनुभवासाठी दुप्पट-तिप्पट दर मोजतो, तो पडद्याच्या आकाराशी आणि ध्वनियंत्रणेशी बांधलेला असतो. शिवाय अशा चित्रपटांचे जग अपरिचित असते. नायक कोण हे भित्तिपत्रक सांगते, पण त्या जगात तीन तास घालवावेत की नाही, हे आधी पाहून आलेला मित्रच सांगतो. म्हणून पहिला शनिवार-रविवार कुतूहलाचा असतो, तर खरी कसोटी दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याची असते. प्रदर्शनाची तारीख ठरवताना चित्रपट ज्या दिवशी लागतो तो दिवस पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. विज्ञानपटाच्या बाबतीत त्यानंतरचे वीस दिवस पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

या कसोटीवर ‘कल्की २८९८ एडी’चे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. सुमारे सहाशे कोटी रुपये खर्चाचा म्हणून गाजलेला नाग अश्विन यांचा हा चित्रपट प्रथम १२ जानेवारी २०२४ रोजी, संक्रांतीच्या हंगामात येणार होता. तेलुगू चित्रपटसृष्टीत संक्रांतीसारखा दुसरा मुहूर्त नाही. पण प्रभासचाच ‘सलार’ लांबत लांबत २२ डिसेंबर २०२३ वर आला होता आणि ‘कल्की’च्या दृश्यपरिणामांचे काम अपुरे असल्याच्या बातम्या येत होत्या. निर्मात्यांनी संक्रांत सोडली आणि ९ मे ही तारीख जाहीर केली. वैजयंती मूव्हीज या निर्मितीसंस्थेच्या लेखी ही तारीख शुभ. चिरंजीवी आणि श्रीदेवी यांचा ‘जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी’ १९९० मध्ये, ‘महानटी’ २०१८ मध्ये आणि ‘महर्षी’ २०१९ मध्ये याच दिवशी प्रदर्शित झाले होते.

शुभ तारीख आडवी आली ती निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकामुळे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मतदान १३ मे रोजी होणार असल्याचे स्पष्ट झाले आणि मुख्य बाजारपेठेतच प्रचाराचा शेवटचा टप्पा आणि चित्रपटाचा पहिला आठवडा एकमेकांवर येऊ लागले. चित्रपट २७ जूनवर गेला.

रूढ हिशेबाने पाहिले तर ही तारीख वाईट होती. उन्हाळी सुटी संपून शाळा सुरू झाल्या होत्या, पाऊस लागला होता, कोणताही सण नव्हता. भरीस भर म्हणजे पहिल्याच शनिवारी, २९ जूनला, ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि भारत त्यात खेळत होता. तरीही चित्रपटाने जगभरात एक हजार कोटींचा टप्पा ओलांडल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. तेलंगण आणि आंध्र सरकारांनी दिलेली तिकीट दरवाढीची आणि जादा खेळांची मुभा त्याच्या पथ्यावर पडली, हे खरेच. त्याहून मोठे कारण मात्र चित्रपटगृहांच्या रिकामेपणात होते. आयपीएल आणि लोकसभा निवडणुकीच्या दोन महिन्यांत मोठ्या निर्मात्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली होती. ईदला आलेले ‘बडे मियाँ छोटे मियाँ’ आणि ‘मैदान’ कोसळले होते. जूनमध्ये उत्तर भारतातील चित्रपटगृहांना आधार होता तो कोकणातल्या लोककथेवरील ‘मुंज्या’चा. ‘कल्की’ आला तेव्हा मोठा पडदा रिकामा होता आणि १२ जुलैला ‘इंडियन २’ येईपर्यंत त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. पहिल्या भागातील संथपणाबद्दल टीका झाली, शेवटच्या अर्ध्या तासाची वाहवा झाली, आणि ती वाहवा कानोकान पोहोचायला पंधरा दिवस मिळाले. संक्रांतीला हे पंधरा दिवस मिळाले नसते.

‘कल्की’ने सोडलेल्या १२ जानेवारीला काय घडले, तेही पाहायला हवे. त्या दिवशी तेलुगूत ‘गुंटूर कारम’ आणि ‘हनुमान’ समोरासमोर आले. पहिल्याकडे महेश बाबू होता. दुसऱ्याला हैदराबादमध्ये सुरुवातीला एकपडदा चित्रपटगृहे मिळेनात. पुढच्या दोन आठवड्यांत चित्र पालटले. प्रेक्षकांनी मागणी केली तसे ‘हनुमान’चे खेळ वाढत गेले. तमिळनाडूत त्याच दिवशी वर्षानुवर्षे रखडलेला, परग्रहवासीयाची कथा सांगणारा ‘अयलान’ धनुषच्या ‘कॅप्टन मिलर’सोबत आला आणि पोंगलचा प्रेक्षक दोघांत वाटला गेला. सण एकच, पण तो कोणाला किती फळला, हे सणावर अवलंबून राहिले नाही.

शुभ तारखांचा सोस केवळ आपल्याकडचा नाही. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, त्यामागे निर्मितीशी संबंधित अॅलन लॅड ज्युनियर यांचा पंचवीस तारखेवरचा विश्वास होता. ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला आणि ‘एलियन’ २५ मे १९७९ ला आला होता. मात्र १९८२ मध्ये त्याच्या दोनच आठवडे आधी स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ लागलेला होता आणि त्याने तिकीटबारी व्यापली होती. प्रेमळ परग्रहवासीयाच्या मोहात पडलेल्या प्रेक्षकाने ‘ब्लेड रनर’चे अंधारलेले शहर नाकारले. त्याच दिवशी आलेल्या जॉन कार्पेंटर यांच्या ‘द थिंग’चेही तेच झाले. आज हे दोन्ही चित्रपट अभिजात मानले जातात. त्या उन्हाळ्यात दोन्ही पडले.

हिंदीत सणाची पुण्याई विज्ञानपटाला किती पुरते, याचा अनुभव संमिश्र आहे. शाहरुख खानचा ‘रा.वन’ २०११ मध्ये ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला. त्या संध्याकाळी घरोघरी पूजा असल्याने चित्रपटगृहे ओस असतात आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला ती ओसंडतात, हे वितरकांना पाठ असते, ‘रा.वन’चेही तसेच झाले. सुट्यांचे दिवस दणदणीत गेले. त्यानंतर मात्र खर्च आणि प्रसिद्धी यांच्या तोलाची कमाई झाली नाही. टायगर श्रॉफच्या ‘गणपत’ला २०२३ मध्ये दसऱ्याचा आठवडा मिळाला होता, त्याला पहिले दिवसही साथ देईनात. याउलट ‘कोई... मिल गया’ ऑगस्ट २००३ च्या पहिल्या पंधरवड्यात आणि ‘क्रिश’ जून २००६ मध्ये आला. दोन्ही तारखा सणाच्या नव्हत्या. मुलांनी पालकांना ओढून नेले आणि चित्रपट आठवडेच्या आठवडे चालले.

तरीही निर्माते सणाच्याच मागे का धावतात? याचे एक उत्तर कराराच्या कागदात आहे. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ च्या संघर्षानंतर जे सूत्र ठरले, त्यानुसार पहिल्या आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नातील ५० टक्के वाटा वितरकाला, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के. आठवडे वाढतात तसा निर्मात्याचा हिस्सा घटतो. साहजिकच सुट्या गाठून पहिल्या आठवड्यातच शक्य तेवढे ओढून घेण्याकडे त्याचा कल असतो. ज्या प्रकाराला उशिरा फळ येते, त्याच प्रकाराला ही व्यवस्था सर्वांत कमी अनुकूल आहे. त्यात हिंदी चित्रपटासाठी मल्टिप्लेक्सचा आग्रह असलेली ओटीटीपूर्वीची आठ आठवड्यांची मुदत ही वरची मर्यादा. ‘कल्की’ने ती बरोबर पाळली, २७ जूनचा चित्रपट २२ ऑगस्टला घरोघरी पोहोचला.

तारीख लांबवणे हाही सरसकट उपाय नाही. रजनीकांतचा ‘२.०’ दिवाळी २०१७ वरून जानेवारी, मग एप्रिल असे करत २९ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. दृश्यपरिणामांचे काम संपत नव्हते आणि व्याज वाढत होते. भारतात त्याने मोठी कमाई केली. पण पाचशे कोटींहून अधिक सांगितल्या जाणाऱ्या खर्चामुळे सारी भिस्त चीनवर होती. तेथे १२ जुलै २०१९ ही तारीख ठरली होती. नेमका त्याच दिवशी ‘द लायन किंग’ येत असल्याने प्रदर्शन पुढे ढकलले गेले आणि सप्टेंबरमध्ये हजारो पडद्यांवर लागलेला ‘२.०’ तेथे सपशेल आपटला.

दुसरीकडे ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागाने वाट पाहण्याचा लाभ घेतला. हॉलिवूडमधील कलाकारांच्या संपामुळे तो नोव्हेंबर २०२३ वरून १ मार्च २०२४ वर गेला. संप मिटल्याने कलाकार प्रसिद्धीसाठी मोकळे झाले आणि मोठा पडदाही मोकळा मिळाला. सुमारे ७१ कोटी डॉलरची त्याची कमाई पहिल्या भागाच्या कितीतरी पुढे गेली. अर्थात पहिला भाग अमेरिकेत चित्रपटगृहांबरोबरच ओटीटीवरही आला होता, ही बाब तुलनेत ध्यानात ठेवावी लागते.

आणि तारखेवरच सारे अवलंबून असते असे मानणाऱ्यांना सध्याचा आठवडा सावध करतो. ‘पॅरासाइट’कार बाँग जून-हो यांचा ‘मिकी १७’ मार्च २०२४ मध्ये यायचा होता. तो जानेवारी २०२५, मग एप्रिल आणि अखेर ७ मार्च अशा तारखा घेत आला. आयमॅक्स मिळाले, समोर नवा मोठा स्पर्धक नव्हता. तरी सुमारे १२ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाची अमेरिकेतील पहिली तीन दिवसांची कमाई १.९ कोटी डॉलरच्या आसपासच राहिली. भारतात तर त्याच्या पहिल्या रविवारी चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना होता. मोकळा पडदा प्रेक्षकाला येण्याची संधी देतो. त्याला घरातून उठवण्याचे काम चित्रपटालाच करावे लागते.

‘मिकी १७’ने व्यापलेले आयमॅक्स पडदे आता आठवडाभरातच ‘इंटरस्टेलर’साठी खुले होत आहेत. शुक्रवारी हिंदीत ‘द डिप्लोमॅट’ येत आहे. परीक्षांचे आणि रमझानचे दिवस असल्याने इतर मोठे चित्रपट थांबलेले आहेत. २२ मार्चला आयपीएल सुरू होईल, २७ मार्चला मोहनलालचा ‘एल २ : एम्पुरान’ आणि ईदला सलमान खानचा ‘सिकंदर’ येईल. दहा वर्षे जुन्या अंतराळयानाला या वेळी मिळालेला अवकाश तेरा दिवसांचा आहे.