बाजाराची भाषा खुली, सराव मात्र बंद दाराआड

दलाल स्ट्रीटवरील आरोळ्या १९९५ मध्ये ‘बोल्ट’ प्रणालीबरोबर थांबल्या. आता दलालाचा संगणक बाजाराच्या संगणकाशी ठराविक साच्यातील संदेशांतून बोलतो. हे साचे शिकायचे कोठे, हा प्रश्न वित्तीय संस्थांसाठी आज्ञावली लिहू पाहणाऱ्या मुंबई-पुण्यातील अभियंत्यांना हमखास पडतो, कारण अभियांत्रिकीच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात त्यांना फारसे स्थान नाही.

यांतील सर्वाधिक प्रचलित साचा म्हणजे ‘फिक्स’. फिडेलिटी आणि सालोमन ब्रदर्स या अमेरिकी संस्थांनी १९९२ मध्ये आपसांतील सौद्यांसाठी तो सुरू केला. त्याची रचना विलक्षण साधी आहे. प्रत्येक माहितीला एक क्रमांक असतो. ३५ म्हणजे संदेशाचा प्रकार, ५४ म्हणजे खरेदी की विक्री, ३८ म्हणजे नगसंख्या, ४४ म्हणजे भाव. संपूर्ण शब्दकोश फिक्स ट्रेडिंग कम्युनिटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. केवळ हे तक्ते समजावून सांगण्यासाठी कोणी भरमसाट शुल्क मागत असेल, तर ते देण्याचे कारण नाही.

खरी अडचण तक्ते पाठ झाल्यानंतर सुरू होते. दोन्ही बाजू आपल्या प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक देतात. मध्येच संपर्क तुटला आणि पलीकडच्या संगणकाने राहिलेले संदेश पुन्हा मागितले, तर दहा मिनिटांपूर्वीची खरेदीची ऑर्डर तशीच पाठवायची काय? तोवर भाव कोठल्या कोठे गेलेला असतो. अशा वेळी जुनी ऑर्डर गाळून केवळ अनुक्रमाची पोकळी भरण्याची सोय मानकात आहे. पण ती केव्हा वापरायची, हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याचा. ‘क्विकफिक्स’ ही मुक्त आज्ञावली घेऊन एकाच संगणकावर दलाल आणि बाजार अशी दोन्ही सोंगे वठवता येतात. जोडणी मुद्दाम तोडून काय घडते ते पाहावे. शंभर पाने वाचण्यापेक्षा त्यातून अधिक उमगते.

भारतात आणखी एक पायरी आहे. राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार यांचे स्वतःचे वेगळे संदेश-साचे आहेत. तेथे क्रमांक आणि मूल्य यांच्या जोड्या नसून ठराविक लांबीचे द्विमान रकाने असतात; एका बाइटची चूक झाली, तरी पुढचे सारे वाचन फसते. त्यांच्या माहितीपुस्तिका बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळतात. परंतु चाचणीची यंत्रणा आणि सुट्टीच्या दिवशीची सराव सत्रे सदस्य दलाल व त्यांना आज्ञावली पुरवणाऱ्या संस्थांसाठीच असतात. विद्यार्थ्याला त्यांत प्रवेश नाही, म्हणजे नोकरी लागेपर्यंत पोहणे काठावरूनच शिकायचे.

अपुऱ्या तयारीची किंमत केवढी असू शकते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. नाइट कॅपिटलच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवी आज्ञावली चढवायची राहून गेली. एका जुन्या खुणेचा नव्या कामासाठी पुनर्वापर झाला होता. त्या सर्व्हरने तिचा जुनाच अर्थ लावला. २१२ ऑर्डरींवर प्रक्रिया करताना सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांवर सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकी नियामक ‘एसईसी’ने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेला आदेश सर्वांसाठी खुला असून कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा वाचनीय आहे.

बँकांच्या देवघेवीकडे वळणाऱ्यांची वाट त्या मानाने सोपी. भारतातील ‘आरटीजीएस’ २०१३ पासून आयएसओ २००२२ मानकावर चालते. सीमापार रक्कम पाठवण्याच्या सूचनांसाठी ‘स्विफ्ट’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने साचे बंद केले. नव्या संदेशांच्या व्याख्या विनामूल्य उतरवून घेता येतात.

सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांच्या स्वयंचलित सौद्यांसाठी चौकट आखून दिली. आज्ञावलीद्वारे ऑर्डर पाठवणारे आता केवळ बड्या दलाल पेढ्यांत बसलेले नाहीत. अशा वेळी बाजारांनी जुन्या दिवसांची माहिती भरलेली एक चाचणी यंत्रणा महाविद्यालयांना खुली करण्यात फार मोठा खर्च नाही. प्रत्यक्ष बाजाराशी तिची जोडणी नसल्याने जोखीमही नाही. सेबीनेच स्थापन केलेली राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे; सुरुवात तेथून करता येईल.