हळवे भात आणि परतीचा पाऊस

गोडदेवची बहुतेक खाचरे इमारतींखाली गेली; पण ठाणे-पालघरकडील आगरी-कुणब्यांचे भात अजून पावसाच्याच हाती आहे. मृगात पेरलेले हळवे भात सप्टेंबरअखेर कापणीस येते. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० साली हवामान खात्याने ती ८ ऑक्टोबर ठरविली. म्हणजे कापणी ऐन पावसात! पीक लोळते, दाण्याला मोड येतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाने तर कापून पसरलेले भातही भिजविले. याला नशीब म्हणून कपाळ बडवून काय होणार? आमचे सांगणे एवढेच: लवकर सुकणाऱ्या उंच खाचरात हळवे ठेवा, सखल पाणथळीत निमगरवे-गरवे लावा, सारे घर एका वाणावर टांगू नका. मात्र लावणी लांबवू नका. जून रोपास फुटवे कमी येतात. नक्षत्र पंचांगात वेळेवर निघते. ढग पंचांग वाचीत नाहीत!