शस्त्रे जमा झाली, समेटाचे काय?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर ५४ शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला त्याची पत्नी तारक्का हिने आत्मसमर्पण केले होते. १९८० पासून धुमसत असलेल्या संघर्षाचा महाराष्ट्रापुरता शेवट जवळ आला, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला आणि तो निराधार नव्हता. तथापि, युद्ध थांबणे आणि दुभंगलेला समाज पुन्हा एकत्र येणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली सुरक्षा दलांच्या बळावर साधता येते. दुसरीसाठी राजकारणालाच पुढाकार घ्यावा लागतो.

केंद्र सरकारने या संघर्षाला कधीच गृहयुद्ध म्हटले नाही. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी देशाच्या अंतर्गत सुरक्षेपुढील सर्वांत मोठे आव्हान, असे त्याचे वर्णन केले होते. गडचिरोलीतील गावांचा अनुभव मात्र गृहयुद्धाहून फारसा वेगळा नव्हता. दलममध्ये गेलेले तरुण गोंड-माडिया, त्यांच्याशी लढणाऱ्या सी-६० पथकातील अनेक जवान त्याच समाजातले आणि ‘खबऱ्या’ ठरवून ज्यांची हत्या झाली तेही त्याच पाड्यांवरचे. एकट्या २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे ४८ पोलीस शहीद झाले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरातील चकमकींत ४० माओवादी मारले गेले, तर १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक यांचा बळी गेला. दोन्ही बाजूंचे दुःख अनेकदा एकाच गावात, शेजारच्या घरांत नांदते आहे.

या संघर्षाचा शेवट वाटाघाटींतून झालेला नाही. २०२५ मध्ये माओवाद्यांकडून शस्त्रसंधीचे प्रस्ताव आले. केंद्राने ते नाकारले आणि ३१ मार्च २०२६ या मुदतीचा आग्रह कायम ठेवला. शस्त्रे सोडण्याची भूपतीची भूमिका खुद्द त्याच्या पक्षानेच फेटाळली. परिणामी कोणताही करार झाला नाही. ज्यांनी शरणागती पत्करली, त्यांच्यासाठी २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना होती आणि तिचा लाभ सहाशेहून अधिक जणांनी घेतला. पैसा, घर, काम यांची तजवीज ही योजना करते. परंतु ज्या प्रश्नांच्या आधारे माओवाद्यांनी येथे पाय रोवले, त्या जंगल, जमीन व स्वशासन या प्रश्नांवर बोलणे हे तिचे कामच नव्हे.

शेजारी देशांचे अनुभव येथे उद्बोधक ठरतात. नेपाळमध्ये २१ नोव्हेंबर २००६ रोजी शांतता करार झाला, माओवादी निवडणुकीच्या राजकारणात आले आणि २००८ मध्ये प्रचंड पंतप्रधान झाले. मात्र नोंदणी झालेल्या १९ हजारांहून अधिक लढवय्यांपैकी लष्करात दीड हजारही सामावले गेले नाहीत, तर पीडितांच्या न्यायासाठीचे आयोग २०१५ मध्ये, म्हणजे कराराला आठ वर्षे उलटून गेल्यावर, स्थापन झाले. श्रीलंकेने २००९ मध्ये लष्करी विजय मिळवला. तमिळ भागाला अधिकार देण्याचा राजकीय प्रश्न मात्र तसाच राहिला. एका ठिकाणी राजकीय तोडगा निघाला पण न्याय लांबला, दुसऱ्या ठिकाणी विजय मिळाला पण तोडगा निघाला नाही. गडचिरोलीला हे दोन्ही टाळावयाचे आहे.

त्यासाठीची साधने परकी नाहीत. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. बंदूक न उचलता जंगलावरील हक्क मिळवता येतो, हे या गावाने सिद्ध केले. माओवादाला याहून प्रभावी उत्तर शोधून सापडणार नाही.

दुसरीकडे सूरजागडच्या लोहखनिजाने जिल्ह्याचे अर्थकारण पालटू लागले आहे. २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथील वाहनांची मोठी जाळपोळ केली. पुढे काही आत्मसमर्पितांना त्याच उद्योगाच्या कोनसरी प्रकल्पात काम मिळाले. रोजगार हवाच, तो नाकारणे हा करंटेपणा ठरेल. परंतु २०२३ मध्ये तोडगट्टा येथे प्रस्तावित खाणींविरुद्ध आदिवासींनी अनेक महिने ठिय्या दिला, तेव्हा त्यामागे माओवाद्यांचा हात असल्याचा आरोप झाला. बंदुकीची भीती असताना अशा संशयाला काही आधार तरी होता. यापुढे तोही उरणार नाही. ग्रामसभेने ‘नाही’ म्हटले तर ते नागरिकांचे मत म्हणून ऐकले जाणार की नाही, हीच समेटाची खरी कसोटी आहे.

या कसोटीत नागपूरचा वाटा मोठा आहे. नक्षलविरोधी अभियानाची सूत्रे येथून हलतात. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात येथेच मांडले गेले आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईत मंजूर झाले. प्रा. जी. एन. साईबाबा यांना ५ मार्च २०२४ रोजी निर्दोष मुक्त केले ते उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने. त्याआधी अनेक वर्षे ते येथील मध्यवर्ती कारागृहात होते. सशस्त्र चळवळ ओसरत असताना अधिक कठोर कायदा कशासाठी, हा विरोधकांचा प्रश्न. शहरी जाळे मोडण्यासाठी तो आवश्यक, हे सरकारचे उत्तर. या वादात गडचिरोलीच्या गावांचा आवाज फारसा ऐकू आला नाही.

हिवाळी अधिवेशनात विदर्भाच्या अनुशेषावर दरवर्षी चर्चा होते. तिच्यात आता आणखी काही विषयांची भर पडावयास हवी. मारल्या गेलेल्या प्रत्येक आदिवासीची, मग मारणारा कोणीही असो, अधिकृत नोंद व्हावी आणि त्याच्या कुटुंबाला मदत मिळावी. प्रलंबित खटल्यांचा निवाडा ठरावीक मुदतीत व्हावा. वनहक्काचे दावे मार्गी लागावेत. परतलेल्या तरुणांना गावात स्वीकारायचे की नाही, याचा निर्णय ग्रामसभेला विश्वासात घेऊन व्हावा. शस्त्रे पोलिसांकडे जमा झाली हे खरे. पण ती ठेवणाऱ्यांना अखेर राहावयाचे आहे ते आपल्या गावकऱ्यांमध्येच.