सुट्टीतला मोबाइल : पुढच्या इयत्तेसाठी नव्हे, मागच्या धड्यासाठी

नववीचा शेवटचा पेपर झाला की आठवड्याभरात दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते. निकाल अजून लागायचा असतो, पण घरादाराच्या लेखी पोरगं दहावीत गेलेलं असतं. ज्यांना क्लासची फी झेपत नाही किंवा ज्यांना मुलांना घेऊन गावी जायचं असतं, ते पालक याच बॅचचा फुकट अवतार मोबाइलवर शोधतात : पुढच्या इयत्तेचे व्हिडिओ, रोज दोन तास. तेवढ्यात ओसरीवरून आजोबा ओरडतात, "अरे, सुट्टी आहे ना त्याला? तो मोबाइल काढून घ्या आधी."

आजोबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पालकांचं मात्र जवळजवळ सगळंच चुकतं.

आधी आजोबांचा पक्ष. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यापैकी ७६ टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. मोबाइलविरोधक हा आकडा हमखास पुढे करतात. त्याच पाहणीत ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठीही वापरल्याचं सांगितलं, हे सोयीस्करपणे विसरतात. हातात आलेलं साधन मुलं अभ्यासाला लावत नाहीत, असं म्हणायला मग जागा उरत नाही. दुसरा दाखला असतो ऑनलाइन शिकवणी विकणाऱ्या बायजूजचा. २०२२मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेली ही कंपनी २०२४मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यावरून धंद्याबद्दल हवं ते म्हणावं. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या पाठ्यपुस्तकाचा त्याच्याशी काय संबंध?

'सुट्टीत डोकं रिकामं ठेवलं की जूनमध्ये मूल ताजंतवानं होतं' हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. ताजंतवानं होतं, हे कबूल. पण विसरतंही. अमेरिकेतले अभ्यासक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये उन्हाळी सुट्टीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सरासरी महिन्याभराच्या शिक्षणाइतकी घसरण दिसली. सर्वांत जास्त घसरली ती आकडेमोड आणि स्पेलिंग. तिथली सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते, त्यामुळे तो महिना जसाच्या तसा सातारा-सांगलीला लावता येणार नाही. पण हात चालता नसला की गणित आधी गंजतं, हे कुठल्याही गणिताच्या बाईंना जूनच्या पहिल्या तासाला कळतं.

आता पालक. नववी पास झालेल्या मुलाला ८१६ भागिले ८ करायला द्या. आठाला आठाने भाग, एक. मग एक खाली उतरवला. एकाला आठाचा भाग जात नाही म्हणून वर शून्य मांडायचं, ते राहून जातं. सहा उतरवले, सोळा झाले, आठ दुणे सोळा. उत्तर : बारा. बरोबर उत्तर १०२. ही अपवादाची गोष्ट नाही. 'असर'च्या २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम ४३ टक्क्यांना जमलं. अशा मुलापुढे मे महिन्यात दहावीची 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' लावून दिली, तर ते शहाण्यासारखं मान डोलावतं. व्हिडिओतल्या सरांना सगळं येतच असतं, त्यामुळे बघणाऱ्यालाही आपल्याला येतं असं वाटतं.

हा भ्रम प्रयोगाने दाखवून झाला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉडिगर आणि कार्पिकी यांनी २००६मध्ये काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. इतरांना एकदा वाचून, मग कागद बंद करून आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. नुसता व्हिडिओ बघणं हे दोनदा वाचण्याचंच भावंड.

म्हणजे ऑनलाइन साधनं वापरायची ती मागच्या वर्षासाठी, आणि बघण्यापेक्षा सोडवण्यासाठी. त्यासाठीचा ऐवज मराठीत आहे, तोही फुकट. मागच्या इयत्तेचं पुस्तक एव्हाना मावसभावाकडे किंवा रद्दीत गेलेलं असतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ असते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की २०१७पासून सुरू असलेल्या 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-मंचावरचं साहित्य उघडतं, ते उतरवून घेऊन नेट नसतानाही पाहता येतं. २०२१मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला, तोही मागच्या इयत्तेच्या उजळणीचाच होता. कोविडच्या घाईत का होईना, सरकारला दिशा बरोबर सापडली होती.

रीत साधी. एका प्रकरणाचा सरावसंच पीडीएफमधून उघडायचा, मोबाइल उताणा ठेवायचा आणि वहीत गणितं सोडवायची. मग मागची उत्तरसूची बघायची. जे चुकलं तेवढ्याचाच व्हिडिओ लावायचा. अर्धा तास पुरतो. फोन एकच आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जात असेल, तरी संध्याकाळचा अर्धा तास काढता येतो.

आणि ज्यांना वही नको, त्यांच्यासाठी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ आहे. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून केलेला चौकोन बोटाने ढकलला की तिरपा होतो. त्रिकोण ढिम्म हलत नाही. हे पाच मिनिटं बघायचं, मग मोबाइल बाजूला आणि काड्या हातात. आजोबांचीही हरकत नसावी.

अडचण खरी आहे ती वेगळीच : कुठला धडा कच्चा आहे, हे घरी कुणाला सांगता येत नाही. प्रगतिपुस्तकावर श्रेणी असते, शेरा असतो 'अधिक प्रयत्न हवेत'. कशात, ते नसतं. ते वर्गशिक्षकांना माहीत असतं. त्यांनी १ मेला निकाल हातात देताना प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कच्च्या राहिलेल्या दोन प्रकरणांची नावं लिहून द्यावीत, आणि पालकांनी व्हेकेशन बॅचची चौकशी करण्याआधी ती विचारून घ्यावीत.