विश्लेषण : मानेची प्रत्येक गाठ क्षयरोगाची नसते!

मानेला गाठ, संध्याकाळी ताप, वाढलेला ईएसआर. एवढे दिसले की आपल्याकडे पहिला संशय क्षयरोगाचा. जुन्या पिढीची ‘गंडमाळ’ ती हीच. क्षयरोग इतका पसरलेला असताना तो संशय रास्तच आहे. पण संशय म्हणजे निदान नव्हे. ‘रोसाय-डॉर्फमन’ हा दुर्मीळ आजार नेमकी अशीच लक्षणे घेऊन येतो.

हा आजार काय आहे?
लसिकाग्रंथी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या चौक्या. तेथील हिस्टिओसाइट पेशी जंतू आणि मृत पेशी गिळून साफसफाई करतात. या आजारात त्याच प्रमाणाबाहेर वाढतात. मानेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या, बहुधा न दुखणाऱ्या गाठी येतात. लहान मुले आणि तरुणांत तो अधिक आढळतो. रोसाय आणि डॉर्फमन या डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

निदान कसे होते?
सुईने काढलेल्या नमुन्यात, म्हणजे एफएनएसीत, थोड्याच पेशी येतात. त्यातून शंका येऊ शकते. पण ग्रंथीची रचना दिसत नाही. शंका उरली तर अख्खी ग्रंथी काढून बायोप्सी करावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या हिस्टिओसाइटच्या पोटात शाबूत लिम्फोसाइट पेशी दिसतात. ही या आजाराची मोठी खूण. मग विशेष रंजन चाचणी होते. एस-१०० होकारार्थी आणि सीडी१ए नकारार्थी आल्यास निदानाला बळ मिळते. सीडी१ए होकारार्थी असेल, तर लँगरहान्स हिस्टिओसायटोसिस या वेगळ्या आजाराचा विचार करावा लागतो.

इतका खटाटोप कशासाठी?
कारण उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. क्षयरोगाची औषधे किमान सहा महिने चालतात आणि यकृतावर परिणाम करू शकतात. रोसाय-डॉर्फमनच्या अनेक रुग्णांना केवळ देखरेख पुरते. गाठी आपोआप ओसरतात. उलट, बायोप्सीआधीच स्टेरॉइड दिले, तर लिम्फोमासारखा कर्करोग झाकला जाऊ शकतो.

रुग्णाने काय करावे?
सुरू असलेली औषधे स्वतःहून थांबवू नयेत. मात्र गाठ कमी होत नसेल, तर ‘क्षयरोगाचा जंतू सापडला का? बायोप्सी लागेल का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक जपावेत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत त्यावरूनच घेता येते. आणि ही रंजन चाचणी जिल्हा रुग्णालयातील रुग्णालाही परवडेल अशी उपलब्ध करणे, ही सरकारची जबाबदारी आहे. आजार दुर्मीळ असला, तरी अचूक निदान दुर्मीळ असता कामा नये.