फोन कोरा करण्याआधी



उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांना तोटा नाही. फोन बिघडला की दुकानदार म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारायला लागेल.’ म्हणजे आतलं सगळं पुसून कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरायचं. एरवी ही साधी दुरुस्ती. पण जिच्या नकळत नवऱ्याने तिचा फोन ‘रूट’ केला आहे, तिने हे काम घाईने उरकू नये.

रूट करणं म्हणजे काय? अँड्रॉइड फोनमध्ये कंपनी काही कुलपं घालून ठेवते. ती काढली की फोनच्या मुळापर्यंत हात पोहोचतो. स्वतःचा फोन हौसेने रूट करणारे पुष्कळ आहेत, त्यात वावगं काही नाही. पण तोच हात दुसऱ्याचा असला, तर पाळत ठेवणारं ॲप खोलवर लपवता येतं. बाई कुठे गेली, कोणाशी बोलली, माहेरी काय कळवलं, सगळं त्याला दिसतं. रूट न करताही अशी ॲप्स बसवता येतात. रूट केल्यावर ती शोधणं आणि काढणं जास्त अवघड होतं.

संशय आला की बाई सेटिंगमध्ये जाऊन ‘फॅक्टरी रिसेट’ करते. ते पुरेसं नाही. रिसेटने फोटो, मेसेज, नंतर घेतलेली ॲप्स जातात. सिस्टीममध्ये घुसवलेलं ॲप मात्र राहू शकतं. ते घालवायला त्याच मॉडेलचं मूळ सॉफ्टवेअर भरावं लागतं. चुकीचं भरलं तर फोन बंदच पडू शकतो. फोनवर गुगल खातं नवऱ्याचं असेल, तर पुसल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागू शकतो.

आणि फोन कोरा झाला की पुरावाही जातो. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये छेडछाड झाल्याची ‘नॉक्स’ची खूण नंतरही राहते, पण ती कोणी केली हे खूण सांगत नाही.

पुरावा लागतो, कारण हा गुन्हा आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं २०१३ पासून दंडसंहितेत गुन्हा होतं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘फोन मीच घेऊन दिला’ असं तो म्हणेल. पण नवरा आहे म्हणून या कलमात सूट नाही. दुसरीकडे, १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीचं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. म्हणजे त्याने जमवलेलं कोर्टात येऊ शकतं आणि आपण आपल्याकडचं पुसून बसतो!

तेव्हा आधी दुसऱ्या फोनने संशयास्पद ॲप्सचे, परवानग्यांचे फोटो काढा. न सांगता त्याला काय काय कळलं, ते तारखेसह वहीत लिहा. वकिलाला विचारा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. सायबर तक्रारीसाठी १९३०, महिला हेल्पलाइन १८१. मात्र हे फोन त्याच मोबाईलवरून करू नका. पासवर्डही दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरूनच बदला.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जिवाची काळजी. फोन कोरा झाला की त्याला दिसणं बंद होतं आणि त्याला ते लगेच कळतं. मारहाणीची भीती असेल, तर राहण्याची सोय होईपर्यंत फोन आहे तसाच ठेवणं शहाणपणाचं ठरेल.

म्हणून ‘आत्ताच्या आत्ता पुसून टाक’ असा सल्ला आपण मैत्रिणीला देऊ नये. तिला आपला फोन वापरायला द्यावा, तिच्याबरोबर दुकानात जावं. फोन कधी कोरा करायचा, हे तिचं तिने ठरवावं. तिच्या वतीने ठरवणारे घरात आधीच पुष्कळ आहेत.