राखणदाराचं वय कोण मोजतं?



मृगाच्या तोंडावर ढग गडगडू लागले की आपल्याला डी.पी.ची काळजी लागते. डी.पी.वर चिनीमातीचे तीन दांडे असतात, ते लाइटनिंग अरेस्टर. तारेवर वीज पडली की तिचा लोंढा ट्रान्सफॉर्मरमध्ये न जाऊ देता जमिनीत उतरवायचा, हे त्यांचं काम. पण हा राखणदारही म्हातारा होतो. लोंढे झेलून झेलून आतल्या चकत्या निकामी होतात, सील गेलं की ओल शिरते. ज्वारीचं कणीस लांबून भरलेलं दिसतं, चोळलं की काळी काणी निघते, तसंच हे.

असेच, पण मोठे अरेस्टर अणुवीज केंद्राच्या यार्डातही असतात. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्या महाराष्ट्रात, तारापूरला, १९६९ साली सुरू झालं. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं. ते थंड ठेवणाऱ्या पंपांना वीज लागते. म्हणून तिथं लोंढा आत शिरणं म्हणजे नुसतं नुकसान नव्हे, धोका आहे.

स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात २५ जुलै २००६ रोजी बाहेरच्या यार्डात शॉर्ट सर्किट झालं आणि दाबाचा लोंढा आत गेला. चारपैकी दोन राखीव बॅटरी यंत्रणा बंद पडल्या, त्यामुळे चारपैकी दोन डिझेल जनरेटरही आपोआप जोडले गेले नाहीत. उरलेल्या दोघांनी निभावलं. तिथं दोष उपकरणांच्या म्हातारपणाचा नव्हता. पण लोंढा अडला नाही तर राखीव व्यवस्थाही कशी लंगडी होते, ते त्या दिवशी दिसलं.

तारापूरच्या पहिल्या दोन संचांचे आणीबाणीचे डिझेल जनरेटर २००५-०६ मध्ये बदलले गेले. म्हणजे मनात आणलं तर जुनं बदलता येतं. प्रश्न लहान उपकरणांचा आहे. भट्टीचं वय सगळे विचारतात, अरेस्टरचं कोणी विचारत नाही. त्यातून गळणारा करंट मोजला की त्याचं म्हातारपण आधीच कळतं. मग ते आकडे सरकारने लोकांपुढे ठेवायला काय हरकत आहे?

आणि जो न्याय तारापूरला, तोच आपल्या डी.पी.ला. प्रत्येक अरेस्टर बसवल्याची तारीख खांबावर रंगवा. पावसाळ्याआधी अरेस्टर तपासा, अर्थिंग मोजा. ट्रान्सफॉर्मरच्या मानाने अरेस्टरची किंमत किरकोळ आहे. ही भीक नव्हे. विजेचे पैसे मोजणाऱ्याचा हा हक्क आहे. गावोगाव ठराव करा आणि वीज कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मात्र खांबावर स्वतः कोणी चढू नका.